पुणे मेट्रो आणि लोकप्रिय संगीत

जगातल्या जुन्या मेट्रोंवर गाणी झाली. पुण्यात मात्र मेट्रो आधीपासून चाललेल्या गाण्याबजावण्याच्या खालून-वरून जाऊ लागली, त्यामुळे इथला संबंध थोडा उलटा आहे. पुणे मेट्रोचे पहिले दोन तुकडे, वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी, ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. पेठांखालून स्वारगेटला जाणारा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. एवढ्या कोवळ्या वाहनाचे म्हणून सर्वांच्या तोंडी बसलेले गाणे अजून नाही, आणि त्यात नवल काही नाही. आगगाडी पुण्यात १८५८ साली आली; ग. दि. माडगूळकरांची मामाच्या गावाला नेणारी आगीनगाडी मराठी मुलांच्या तोंडी आली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी. गदिमा राहत होते ते वाकडेवाडीला, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ‘पंचवटी’त. आज तो परिसर रेंजहिल्स-शिवाजीनगर मेट्रोच्या पट्ट्यात येतो.

इतर शहरांकडे पाहिले तर गाणे बहुधा गैरसोयीतून किंवा एखाद्या माणसामुळे सुचलेले दिसते. बॉस्टनच्या मेट्रोवरचे प्रसिद्ध गाणे १९४९ सालच्या महापौरपदाच्या निवडणूक प्रचारासाठी लिहिले गेले. उतरताना जादा भाडे द्यायला पैसे नसल्याने कायमचा गाडीतच अडकलेला चार्ली हा त्याचा नायक. पुढे त्या शहराच्या प्रवासी कार्डालाच चार्लीचे नाव मिळाले. पॅरिसमध्ये गायक सर्ज गेन्सबूरने १९५८ साली दिवसभर तिकिटांना भोके पाडणाऱ्या कर्मचाऱ्याला गाण्यात आणले. न्यूयॉर्कची ‘ए’ गाडी तर संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नच्या हातून ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदाची ओळखीची धूनच होऊन बसली. घरचा पत्ता सांगताना एलिंग्टनने जी गाडी पकडायला सांगितली, तीच ही. कोलकात्याने वेगळी वाट धरली. भारतातली ही पहिली मेट्रो १९८४ साली सुरू झाली, आणि तिच्या स्थानकांवर रवींद्रसंगीत ऐकू येते.

पुण्याच्या मेट्रोत असा भोके पाडणारा माणूसच नाही. तिकीट दाखवले की फाटक आपोआप उघडते. पीएमटीच्या, म्हणजे पुण्याच्या जुन्या शहर बससेवेच्या, कंडक्टरने दांड्यावर चिमटा टकटक वाजवत केलेला ‘पुढे सरका’चा पुकारा ज्यांच्या कानात आहे, त्यांना मेट्रो जरा मुकी वाटते. धूर नाही, शिट्टी नाही. ‘पुढील स्थानक’ म्हणणारा एकच संथ आवाज तेवढा आहे.

मात्र ही गाडी ज्या ठिकाणांहून जाते, ती शहराच्या संगीतातली खरी ठिकाणे आहेत. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाच्या शेजारी १९६८ साली उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर आहे. शिवाजीनगरला पुणे आकाशवाणी. १९५५ साली तिथून गीतरामायण घराघरांत पोहोचले. सवाई गंधर्व महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो, म्हणून स्वारगेटला उतरून पुढे रिक्षा करावी लागते. पूर्वी ही मैफल रात्रभर चाले. आता ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागत असल्याने रसिकाला परतीची मेट्रो मिळते. हा फायदा की तोटा, यावर पुण्यात एकमत होणे अवघड आहे.

सर्वांत दाट नाते ढोल-ताशाशी. गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे अनेक पथके मुठेच्या पात्रालगत सराव करतात, आणि वनाज-रामवाडी मार्गिका डेक्कनपासून महापालिकेपर्यंत नदीलगतच धावते. डेक्कन जिमखाना स्थानकाच्या फलाटावर संध्याकाळी गाडीची वाट पाहताना खालून ठेका ऐकू येतो. गंमत अशी, की याच भागात २०२१ मध्ये मेट्रो आणि मंडळे यांचे वाजले होते. लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलामुळे विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ अडतील, असा मंडळांचा आक्षेप होता. काम काही काळ थांबले आणि पुढे ते पूर्ण झाले.

भुयारी मार्ग हाताशी असलेला पहिला गणेशोत्सव २०२५ चा. कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट या स्थानकांमुळे पिंपरी-चिंचवडचा माणूस गाडी बदलायची कटकट न करता थेट मानाच्या गणपतींच्या दारात उतरू लागला. विसर्जनाला ६ सप्टेंबरच्या सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत, म्हणजे सलग ४१ तास, गाड्या चालू ठेवल्या गेल्या. डब्यात वाद्य वाजवून सहप्रवाशांना छळणे ही मजा नव्हे, उपद्रवच. तरीही त्या रात्रींत उपरणे बांधलेली, ताशाच्या काड्या पिशवीत खोचलेली पोरे दाराशी टेकून बोटांनीच ठेका धरतात, आणि मंडई आली की सरकत्या जिन्याने वर जाताना खरा ढोल आधी पायांना जाणवतो, मग कानाला.