मित्रमंडळींसोबत जेवायला येताना : आमच्या स्वयंपाकघराची थोडी ओळख

रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मिसळ खायला निघालेला ग्रुप नाशिकला नवीन नाही. आठ-दहा जण, दोन गाड्या, आणि एकजण हमखास उशिरा. असे ग्रुप आमच्याकडे रोज येतात. मंडळी टेबलावर बसतात, सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते, आणि ऑर्डर देताना एखादा हळूच म्हणतो, "तुम्ही मागवा, मी माझं बघतो काहीतरी." तो जैन असतो, किंवा त्याचा उपवास असतो, किंवा त्याला शेंगदाणा चालत नाही. मग तो पापड आणि लिंबू सरबतावर बसून राहतो, आणि बिलाचा वाटा मात्र सगळ्यांइतकाच देतो. आम्हाला ते बघवत नाही. आधी कळलं असतं तर त्याच्यासाठीही ताट वाढता आलं असतं, ही रुखरुख दिवसभर राहते. म्हणून हे पत्रक.

आधी विचारा, आणि एकेकाला विचारा

"कुणाला काही प्रॉब्लेम?" असं सगळ्यांसमोर विचारलं की कुणीच बोलत नाही. आपल्यामुळे दहा जणांची पंचाईत नको, असं प्रत्येकाला वाटतं. त्यापेक्षा फोन करून "तू काय खात नाहीस?" एवढंच विचारा. "काहीही चालेल" हे उत्तर आलं तर पुन्हा एकदा विचारा.

आम्हाला सांगताना एक फरक जरूर सांगा. वांगं आवडत नाही, वांगं खात नाही, आणि वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असेल तर आम्ही दुसरी भाजी वाढतो. दुसरी असेल तर पळीसुद्धा वेगळी घेतो. तिसरी असेल तर त्या दिवशीचा आख्खा बेत तपासावा लागतो.

मिसळ : सगळ्यांना सोपी वाटते, पण सोपी नाही

मिश्र ग्रुपसाठी मिसळीसारखा पदार्थ नाही असं आमचं ठाम मत आहे, कारण ती टेबलावरच जुळवायची असते. उसळ, रस्सा, तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, दही सगळं वेगळं येतं. ज्याला तिखट सोसत नाही त्याने तर्रीला हात लावू नये, नुसता पातळ रस्सा घ्यावा. लहान मुलांसाठी आम्ही उसळ वाटीत काढून वर फक्त शेव देतो.

जैन मिसळीचं मात्र तसं नाही. वरचा कच्चा कांदा काढला की झाली जैन मिसळ, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा, लसूण आणि खोबरं वाटलेलं असतं, म्हणजे रस्सा मुळातच चालत नाही. उसळीत बटाटा असतो. वाटणात आलं असतं. शेवेलासुद्धा लसणाचा हात लागलेला असतो. काटेकोर पाळणाऱ्यांना मोड आलेलं कडधान्यही चालत नाही. त्यामुळे जैन मिसळीसाठी आम्ही भिजवलेली पण मोड न काढलेली मटकी वेगळी शिजवतो. रस्सा टोमॅटो, तीळ, सुकं खोबरं आणि सुंठीवर करतो, बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतो आणि साधी शेव देतो. दही न विचारता ताटात ठेवत नाही, कारण कच्चं दही आणि कडधान्य एकत्र आलं की ते द्विदल होतं आणि अनेक जैन घरांत ते वर्ज्य असतं. हे सगळं आयत्या वेळी जमत नाही. मटकी आदल्या दिवशी भिजवावी लागते. त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला तर जैन मिसळ नक्की मिळेल. नाहीतर आम्ही स्पष्ट नाही म्हणू, आणि त्याऐवजी पोहे किंवा उपमा करून देऊ.

उपवास आणि वेळेचं गणित

उपवासाचे नियम घरागणिक बदलतात. कुणाला कोथिंबीर चालते, कुणाला नाही. कुणी जिरं घेतं, कुणी तेही टाळतं. आम्ही साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप आणि राजगिऱ्याची पुरी करतो. हळद, हिंग, मोहरी घालत नाही. कोथिंबीर वर भुरभुरवत नाही, बाजूला देतो. उपवासाची कढई आणि तेल वेगळं असतं, कारण साबुदाणा वडा वांग्याच्या भजीच्या तेलात तळलेला चालणार नाही हे सांगायला नकोच.

अडचण येते ती वेळेची. मागे एका ग्रुपने संकष्टीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातचं टेबल ठेवलं होतं. सहाजणांत एक मैत्रीण चौविहार पाळणारी, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. दुसरी संकष्टी करणारी, म्हणजे चंद्रोदय झाल्याशिवाय उपवास सोडायचा नाही, आणि त्या दिवशी चंद्र नऊनंतर उगवणार होता. साडेसात ही वेळ दोघींपैकी एकीलाही सोयीची नव्हती. पहिलीने ताट समोर घेतलंच नाही. दुसरी थोड्याशा खिचडीवर चंद्राची वाट बघत बसली. चौघे जेवत होते, पण घास त्यांच्याही घशाखाली नीट उतरत नव्हता. दोघींची गाठ घालायची असेल तर संकष्टी, एकादशी, आठम, चौदस हे दिवस कॅलेंडरवर बघा आणि दुसरा दिवस धरा. तोच दिवस हवा असेल तर साडेपाचला या. चौविहारवाली सूर्य मावळायच्या आत जेवते, उपवासवाली फराळ करते, आणि तिच्यासाठी वरण-भात आणि मोदक आम्ही डब्यात भरून देतो.

श्रावणात आणि चातुर्मासात कांदा-लसूण नसलेली थाळी रोज असते. तेव्हा वेगळं सांगायची गरज नाही.

शेंगदाणा

हे लिहिताना आजही वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांचा एक ग्रुप आला होता. एकाने बसताक्षणी सांगितलं की त्याला शेंगदाणा चालत नाही. आमच्या माणसाने चटणी वाढली नाही, कोशिंबिरीवरचे दाणे काढले आणि निर्धास्त झाला. भरल्या वांग्याच्या मसाल्यात दाण्याचं कूट असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. शेंगदाणा म्हणजे अख्खा दाणा, असं त्याने धरलं. दोन घासांत त्या मुलाचे ओठ सुजले. मित्रांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्याचाच फोन आला की तो बरा आहे. चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हापासून ॲलर्जीची ऑर्डर लाल चिठ्ठीवर जाते आणि वाढण्याआधी आचारी स्वतः टेबलावर येऊन बोलतो. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मराठी स्वयंपाकघरात कूट कुठे नसतं? आमटीत, कोशिंबिरीत, ठेच्यात, खिचडीत. मिक्सर तोच, परात तीच. पदार्थातून शेंगदाणा वगळण्याची हमी आम्ही देऊ शकतो, हवेतून आणि भांड्यांतून नाही. नुसत्या स्पर्शाने किंवा वासाने श्वास कोंडण्याइतका त्रास होत असेल, तर कृपया आमच्याकडे जेवू नका. गप्पा मारायला जरूर या, डबा घरून आणा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे यांचा उल्लेख करावाच लागतो. वाढलेल्या ताटाला तसं लेबल नसतं. म्हणून विचारा, दोनदा विचारा. आम्हाला राग येत नाही.

गव्हाबद्दलही एक सांगायचं आहे. ज्वारी, बाजरी आणि नागलीची भाकरी आमच्याकडे असते, पण बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गहू अजिबात चालत नसेल तर फोडणीत हिंग घालू नका असं आवर्जून सांगा.

सामिष आणि निरामिष एका टेबलावर

दुपारी बारानंतर मटण आणि कोंबडीची थाळी सुरू होते. ती मागच्या अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या माणसांच्या हातची. तवा, पातेली, पळ्या, घासायची जागासुद्धा वेगळी. सामिष ताटाला तपकिरी काठ आहे, निरामिष ताटाला हिरवा. तरीही शेजारच्या ताटाच्या वासाने कुणाला मळमळत असेल तर दोन टेबलं काटकोनात लावून देतो. गप्पा तुटत नाहीत आणि कुणाला तोंड फिरवून बसावं लागत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारे बरेच असतात, तेव्हा वार ठरवतानाच विचारलेलं बरं.

दूध, दही, तूपही न घेणारे पाहुणे हल्ली बाहेरगावहून येतात. त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी, ठेचा आणि मटकीची उसळ आहेच. भाकरीला तूप लावू नका, एवढंच सांगा.

बिल

उपवासाच्या खिचडीने मटणाच्या थाळीचा भार का उचलावा? ऑर्डर देण्याआधी सांगितलंत तर वेगवेगळी बिलं करतो. नंतर सांगितलंत तरी करतो, फक्त थोडा वेळ लागतो. जीएसटी ५ टक्के. सेवाशुल्क लावत नाही.

फोन सकाळी ११ ते संध्याकाळी ६ या वेळात, या पत्रकामागच्या नंबरवर करा. किती जण, किती वाजता, आणि कोण काय खात नाही, हे सांगा. नावं सांगितलीत तर ताटाशेजारी चिठ्ठी ठेवतो, म्हणजे वाढताना पुन्हा सगळ्यांसमोर विचारावं लागत नाही.