टीव्ही, बॉक्स, अँप्लिफायर आणि न मिळणारा एक रिमोट

नाशिकच्या एम. जी. रोडवर किंवा सिडकोतल्या एखाद्या रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन ‘साउंड सिस्टिमसाठी साधा युनिव्हर्सल रिमोट द्या’ म्हटलं, की दुकानदार उलट विचारतो, “जुना रिमोट आणलाय का काका?” जुना हरवला किंवा त्याची बटणं गेली, म्हणून तर काका आलेले असतात. टीव्हीचा हवा असता तर समोर टांगलेल्या ढिगातून त्याने बरोबर एक काढून दिला असता. अँप्लिफायर म्हटलं की मॉडेल नंबर विचारतो आणि मग मान हलवतो. त्याचा दोष नाही. या नकारामागे फार जुनं प्रकरण आहे.

गंमत म्हणजे घरात आलेल्या पहिल्या बिनतारी रिमोटपैकी एक टीव्हीचा नव्हताच, तो रेडिओचा होता. अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने १९३९च्या मॉडेलांसोबत ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची लाकडी पेटी दिली. तिच्यावर टेलिफोनसारखी चकती होती. ती फिरवली की रेडिओलहरींचे ठोके जात आणि ते मोजून पलीकडचा रेडिओ स्टेशन बदले, आवाज कमीजास्त करे. म्हणजे आज आपण ज्यासाठी दुकानं पालथी घालतो, ते काम तेव्हाच झालं होतं, फक्त एकाच कंपनीच्या एकाच यंत्रापुरतं. ही ‘एकाच यंत्रापुरतं’ची अट पुढे कधी सुटलीच नाही.

युद्धानंतर टीव्ही आला आणि रिमोटचं सगळं लक्ष तिकडे गेलं. झेनिथ कंपनीने १९५० साली ‘लेझी बोन्स’ काढला, पण त्याला वायर होती आणि लोक अडखळत. १९५५ साली त्यांच्याच यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा ‘फ्लॅशमॅटिक’ केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल बसवले होते. पण खिडकीतून ऊन आलं तरी चॅनेल बदलायचा. लगेच १९५६ साली रॉबर्ट अॅडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. बटण दाबलं की आत छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघे. दांड्या चार आणि कामंही मोजकीच. रिमोटला बॅटरीचे सेल लागत नसत. माझ्या मते रिमोटच्या इतिहासात साधेपणाची हद्द इथेच गाठली गेली. पुढची पंचवीसएक वर्षं अशा ध्वनिलहरींचे रिमोट चालले. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधी कधी टीव्ही बंद पडे, तेवढं सोसून.

साधेपणा मोडला तो गरजेने. १९७४ साली बीबीसीने सीफॅक्स ही टीव्हीवर मजकूर वाचायची सेवा सुरू केली. तिच्यातलं पान हवं तर तीन आकडी नंबर दाबायचा. चार दांड्यांवर हे कसं भागणार? मग इन्फ्रारेड आलं. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून शेजाऱ्याचा टीव्ही बिघडवत नाही, आणि त्यावर हवे तेवढे वेगवेगळे हुकूम पाठवता येतात. ऊन किंवा ट्यूबलाइटच्या प्रकाशात गोंधळ होऊ नये म्हणून हा प्रकाश सेकंदाला साधारण ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकवतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं तर बऱ्याचदा टोकाला जांभळट उजेड दिसतो, तो हाच. सेल संपलाय की रिमोटच गेलाय, हे बघायची ही फुकटची युक्ती आहे.

खरी फाटाफूट इथे झाली. फिलिप्सने हुकूम पाठवायची ‘आरसी-५’ नावाची पद्धत धरली, ३६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३६ हजार वेळा लुकलुकणारी. तिच्यात ३२ प्रकारची यंत्रं आणि प्रत्येकाला ६४ हुकूम अशी नीट आखणी होती. टीव्हीला शून्य, ट्यूनरला (म्हणजे रेडिओला) १७, सीडी प्लेअरला २० नंबर. एकाच रिमोटवर अख्खी साउंड सिस्टिम चालावी, असं तिथे कागदावर तरी ठरलेलं होतं. पण जपानी कंपन्यांनी आपापली वाट धरली. एनईसीची पद्धत ३८ किलोहर्ट्झवर आणि ३२ बिटांची (बिट म्हणजे हुकुमातला एकेक शून्य किंवा एक), सोनीची ४० किलोहर्ट्झवर. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने तर थेट ४५५ किलोहर्ट्झ गाठलं, तिथे साध्या लर्निंग रिमोटची, म्हणजे दुसऱ्या रिमोटकडून शिकणाऱ्या रिमोटची, मजलच जात नाही. आकडे वेगळे, ठोक्यांची लय वेगळी, आणि सगळ्यांनी मिळून एक पद्धत ठरवावी असं कुणालाच वाटलं नाही. रिमोट हरवला तर गिऱ्हाईक आपल्याकडेच येईल, हा हिशेबही त्यात असणारच.

त्यावर उतारा म्हणून १९८५ साली फिलिप्सच्या मॅग्नाव्हॉक्स नावाखाली युनिव्हर्सल रिमोट आला. १९८७ साली अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी आपल्या सीएल-९ या कंपनीतून ‘कोअर’ नावाचा रिमोट काढला. तो दुसऱ्या रिमोटचे ठोके ऐकून शिकायचा आणि एका बटणावर हुकुमांची माळ लावता यायची. ती लावण्यात मात्र सामान्य माणसाची दमछाक व्हायची. तेव्हापासून दोन घराणी आहेत. एकात कंपन्यांचे कोड आधीच भरलेले असतात, दुसरं शिकून घेणारं. आपल्या बाजारातले स्वस्त युनिव्हर्सल बहुतेक पहिल्या घराण्यातले. त्यांच्या पोटात टीव्हीचे कोड ठासून भरलेले असतात, पण वीस वर्षांपूर्वीच्या अँप्लिफायरचा त्यात पत्ता नसतो. म्हणून तो जुन्या रिमोटचा प्रश्न.

नाशिकच्या घरांत ही डोकेदुखी शिरली त्याला मात्र एक तारीख सांगता येते. केबलवाल्याची वायर थेट टीव्हीत खोचलेली असताना एका रिमोटवर काम भागत होतं. टेप डेकला बऱ्याचदा रिमोटच नसे, उठून बटण फिरवायचं. डिजिटल केबलच्या सक्तीच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यांत नाशिकही, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. ज्यांनी आधी डीटीएचची छत्री लावली नव्हती त्यांच्याकडेही आता सेट टॉप बॉक्स आला. चॅनेल बॉक्सच्या रिमोटवर, टीव्ही चालू-बंद टीव्हीच्या रिमोटवर, आणि होम थिएटर असेल तर आवाज तिसऱ्यावर. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घरात आई-बाबा दोघंच, आणि सोफ्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले तीन रिमोट. त्यातल्या ‘सोर्स’ बटणावर चुकून बोट पडलं की संध्याकाळच्या बातम्या गेल्याच म्हणून समजा.

महागड्या बाजूने यावर सर्वांत गंभीर प्रयत्न हार्मनी रिमोटचा. कॅनडातल्या इन्ट्रिग टेक्नॉलॉजीज या कंपनीची ही कल्पना, लॉजिटेकने २००४ साली ती कंपनीच घेतली. ‘टीव्ही बघा’, ‘गाणी ऐका’ असं एकच बटण, बाकी सगळं तो करणार. अडचण पॉवरच्या बटणाची होती. बऱ्याच यंत्रांना चालू करायचा आणि बंद करायचा हुकूम एकच असतो. एखादं यंत्र आधीच चालू असेल तर तोच हुकूम त्याला बंद करून टाकतो. हार्मनी कोणतं यंत्र चालू आहे हे लक्षात ठेवायचा, पण मधूनच कुणी हाताने बटण दाबलं की त्याचा हिशेब चुकायचा. एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने ही मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तोवर वारं फिरलं होतं. चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीतून यंत्रं एकमेकांना हुकूमही देऊ शकतात, त्याला सीईसी म्हणतात. २००९ साली एआरसी आलं आणि टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून उलटा अँप्लिफायरकडे जाऊ लागला. दोन्ही जुळलं तर टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज वाढतो. पण खोड जात नाही. एकाच सोयीला सॅमसंग ‘एनीनेट प्लस’ म्हणते, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’, एलजी ‘सिम्पलिंक’. सेटिंगमध्ये ती शोधणार कशी? आणि जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरला याचा काही उपयोग नाही. लाल-पांढऱ्या पिनांच्या किंवा ऑप्टिकल वायरीतून फक्त आवाज जातो.

अशा सिस्टिमसाठी शिकणारा रिमोटच हवा, आणि तो बहुधा घरातच पडलेला असतो. बऱ्याच सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी म्हणून चार-पाच बटणं वेगळी चौकटीत दिलेली असतात. अँप्लिफायरचा रिमोट समोरासमोर धरून त्यांना टीव्हीऐवजी अँप्लिफायरचाच आवाज शिकवता येतो. त्यासाठी मूळ रिमोट एकदा तरी चालू स्थितीत लागतो, म्हणून हे काम तो मरायच्या आधी उरकावं. फिलिप्सच्या पद्धतीच्या जुन्या यंत्रांत एक खोच आहे. तिथे प्रत्येक नव्या दाबाला एक बिट पालटतो. शिकलेला रिमोट तो पालटत नसेल तर यंत्राला वाटतं की बटण अजून सोडलेलंच नाही, आणि दुसऱ्यांदा दाबलेलं ते मोजत नाही. अशा वेळी मधे दुसरं एखादं बटण दाबलं की गाडी पुढे सरकते.

टीव्हीत खोचायची अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक असलेल्यांना दुसरी वाट आहे. तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, त्यामुळे तो इतर रिमोटला शिकवता येत नाही. पण नव्या रिमोटांची आवाजाची आणि पॉवरची बटणं इन्फ्रारेडवर चालतात आणि सेटिंगमधल्या उपकरणांच्या यादीत टीव्हीबरोबर साउंडबार आणि अँप्लिफायरही निवडता येतात. यादीत आपली कंपनी सापडली तर दुकानात जायची गरज नाही.