रोप घेताना विचारा: हे रात्र मोजतं की वय?

गेल्या मार्गशीर्षात एक ताई आमच्या रोपवाटिकेत शेवंतीची कुंडी घेऊन आल्या. झाड गुडघ्याच्या वर, पानं काळीभोर हिरवी, पण कळी एकही नाही. शेणखत, पाणी, ऊन, सगळं वेळच्या वेळी. बोलता बोलता कळलं, कुंडी फाटकाशी होती आणि वरचा दिवा रात्रभर चालू. आम्ही ती मागच्या अंगणात, रात्री मिट्ट काळोख असतो तिथे हलवायला सांगितली. महिन्याभराने कळ्यांचा फोटो आला. रोप चांगलंच होतं, त्याला रात्र मिळत नव्हती.

झाड फुलावर कधी येतं, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. काही झाडं रात्रीची लांबी मोजतात, काही फक्त स्वतःचं वय. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर हे दाखवून दिलं. तो वाण उन्हाळ्यात नुसता उंच वाढायचा. रोज काही तास अंधारात ठेवून त्याचा दिवस लहान केला, तेव्हा फुलला. पुढे कळलं की खरा हिशेब अंधाराचा असतो आणि तो पानं ठेवतात. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी हिशेब मोडतो. आपल्या रत्नागिरीकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर आणि डिसेंबरातला लहानात लहान ११ तासांच्या थोडा वर. फरक जेमतेम दोन तासांचा, पण झाडाला तेवढा पुरतो.

कडव्या वालाचं तसंच. भात कापल्यावर ओलीवर टाकला की थंडीत शेंगा लागतात आणि पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लागते. तोच गावठी वाल पावसाळ्याच्या तोंडावर परसात लावलात तर मांडव भरेल, फुलं मात्र रात्र मोठी झाल्यावरच. बारमाही शेंगा हव्या असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण' घ्या, त्याला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही.

वय मोजणारी झाडं म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी. यांच्यात एक गोष्ट फार जपावी लागते, आणि आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात: ही झाडं तुमच्यासाठी थांबत नाहीत. छोट्या पिशवीत दीड-दोन महिने राहिलेलं टोमॅटोचं रोप पिशवीतच फुलावर येतं. पिशवी फाडून बघा, मुळं तळाशी काथ्यासारखी गोल गुंडाळलेली दिसतील. असं रोप मोठ्या कुंडीत गेलं तरी पहिल्यासारखं जोमाने वाढत नाही. शेवंती चुकली तर तिला सावरायला वेळ असतो, याला नसतो. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे. तीन आठवड्यांचा तरवा (भाताची रोपं) वेळेत लावला तर फुटवे येतात, पावसाने ओढ दिली आणि तरवा जून झाला की हळवंच आधी मार खातं. गरवं, म्हणजे उशिरा येणारं भात, त्या मानाने सोसतं. म्हणून लवकर येणारं रोप कोवळं घ्या, घरी नेल्यावर चार दिवसांच्या आत कायमच्या जागी लावा, आणि लावताना मुळांचा गड्डा फुटू देऊ नका.

'ऑटोफ्लॉवर' बिया आहेत का, असंही अलीकडे विचारलं जातं. शब्द गांजाच्या बियांचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. साधा गांजा शेवंतीसारखा रात्र मोजतो. ऑटोफ्लॉवरमध्ये रशियाकडच्या ठेंगण्या रुडेरालिस जातीचा गुण उतरवलेला असतो, त्यामुळे तो वयावर, काही आठवड्यांतच फुलतो. 'फास्ट' म्हणून विकतात त्यात हाच गुण अर्धवट असतो: रात्र मोजायची सवय तशीच, फुलोरा तेवढा लवकर उरकतो. आम्ही यातलं काहीच ठेवत नाही आणि मागवूनही देत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, मग ते रानात असो की गच्चीवरच्या कुंडीत. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड. ऑनलाइन पाकीट घरी आलं म्हणून ते लावायला परवानगी मिळाली, असं होत नाही. घरात कॉलेजची मुलं असतील तर त्यांनाही हे सांगा.

आमच्या प्रत्येक पिशवीला चिठ्ठी असते: निळी म्हणजे रात्र मोजणारं, पिवळी म्हणजे वय मोजणारं. पिवळीवर बी टाकल्याची तारीख लिहिलेली असते. ती वाचूनच रोप उचला, आणि फूल येईपर्यंत चिठ्ठी जपून ठेवा. काही अडलं तर ती आणि झाडाचा एक फोटो घेऊन या. रात्री कुंडीवर कुठला दिवा पडतो, तेही बघून या.