डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी लवकर का उतरते : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

सांगलीला समुद्र नाही, तरीही दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत तारकर्ली-मालवणला जाऊन येणाऱ्या मंडळींचे मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली, वेळ आणि किती वेळ थांबणे सुरक्षित आहे हे पाणबुड्याला दाखवणारे उपकरण) आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नियमित येतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कृष्णेच्या पुरात उतरणाऱ्या बचाव पथकांतील पाणबुडेही आपली उपकरणे तपासून घेतात. तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे ‘दोन महिन्यांपूर्वीच सेल घातला होता, पुन्हा बॅटरीचे चिन्ह लुकलुकू लागले.’ अशा उपकरणात पुन्हा नवा सेल घालून देणे आम्हाला सोपे आहे. पण जो सेल वर्षभर टिकायला हवा तो दोन महिन्यांत उतरत असेल, तर नवीनही तसाच उतरेल. म्हणून सेल बदलण्याआधी तो कशामुळे खर्च होत आहे हे पाहावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वांत आधी उपकरणाच्या कडेला किंवा पाठीमागे असलेले धातूचे बारीक ठिपके पाहावेत. अनेक मॉडेलमध्ये असे दोन किंवा अधिक ठिपके असतात आणि पाण्यामुळे त्यांच्यात विद्युत संपर्क जुळला की कॉम्प्युटर आपोआप जागा होतो. सोय उत्तम आहे, पण खाऱ्या पाण्याचा थर वाळून त्या ठिपक्यांमध्ये बसला आणि पिशवीतल्या दमटपणाने तो पुन्हा ओला झाला, तर कॉम्प्युटरला आपण अजून पाण्यातच आहोत असे वाटत राहते आणि तो झोपतच नाही. मागील हंगामात एका ग्राहकाने तीन वेळा सेल बदललेला कॉम्प्युटर आणला होता. पडदा कोरडा, पट्टा कोरडा, तरी पडद्याच्या कोपऱ्यात ‘पाण्यात आहे’ अशी खूण दिसत होती. भिंगातून पाहिले तेव्हा दोन ठिपक्यांच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा मिठाचा पांढरा पापुद्रा सापडला. कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ टूथब्रशने तो काढला, फडक्याने टिपले आणि काही मिनिटांत ती खूण गेली. जो सेल त्यांनी फेकायला आणला होता तोच परत बसवून दिला. चौकशीअंती कळले की डाइव्हनंतर कॉम्प्युटर ओल्या वेटसूटमध्ये गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवण्याची त्यांची सवय होती.

नदीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मिठाऐवजी गाळ असतो. कृष्णेचा काळा चिकट गाळ ठिपक्यांवर आणि दाब मोजणाऱ्या छिद्रांत बसतो. तो सुईने किंवा पिनेने खरवडू नये. वाहत्या पाण्याखाली धरून सुटू द्यावा. आतील दाबसंवेदक नाजूक असतो आणि तो बिघडला तर खर्च सेलच्या कितीतरी पट येतो.

आता सेलविषयी. अनेक कॉम्प्युटरमध्ये सीआर २४५० किंवा सीआर २४३० हे लिथियम बटण सेल लागतात. या क्रमांकातच माप दडलेले असते: पहिला २४५० म्हणजे सुमारे २४.५ मिलिमीटर व्यासाचा व ५ मिलिमीटर जाडीचा, तर २४३० ची जाडी ३ मिलिमीटर. पातळ सेलखाली कागदाची घडी घालून काम भागवण्याचा उद्योग आम्ही पाहिलेला आहे. कृपया तसे करू नये. एलआयआर २४५० हा रिचार्ज होणारा सेल दिसायला तसाच असला, तरी पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचा विद्युतदाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि ३ व्होल्टसाठी बनवलेल्या विद्युत मंडलाला तो हानी पोहोचवू शकतो.

घरी मल्टीमीटर असल्यास ग्राहक सेल मोजून आणतात आणि ‘३ व्होल्ट दाखवतो, म्हणजे चांगला आहे’ असे सांगतात. या सेलचा स्वभाव असा आहे की तो आयुष्याचा बहुतेक काळ ३ व्होल्टच्या आसपासच राहतो आणि अखेरीस झपाट्याने खाली येतो, त्यामुळे भार न लावता, म्हणजे सेल काहीही चालवत नसताना, मोजलेला आकडा फारसे काही सांगत नाही. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. पडद्यामागचा दिवा लागला किंवा इशाऱ्याची शिटी वाजली की विद्युतदाब क्षणात कोसळतो आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. थंड पाण्यात हे आणखी लवकर घडते. म्हणून आम्ही सेल भाराखाली मोजतो. दिवा लावताच पडदा फिका होत असेल, तर ही खूण घरीही ओळखता येते.

झाकण उघडण्याचे काम मात्र घाईचे नाही. झाकणाखालची ओ-रिंग (रबरी गोल कडी) हीच पाणी आणि मंडल यांच्यामधली एकमेव भिंत असते. ३० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागापेक्षा सुमारे ३ बार अधिक असतो, म्हणजे ३ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या झाकणावरही जवळपास २१ किलो भार येतो. हा भार झाकणाला आत दाबून ओ-रिंग घट्ट बसवतो, त्यामुळे गळती पुष्कळदा खोल पाण्यात नव्हे, तर पृष्ठभागाजवळच सुरू होते, हे अनेकांना नवल वाटते. एका कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरण्याचे कारण म्हणून आम्हाला ओ-रिंगवर आडवा पडलेला चादरीचा एक सुती धागा सापडला होता. सेल पलंगावर बसून बदलला गेला होता. म्हणून काम धूळ नसलेल्या टेबलावर, पंखा बंद करून, कोरड्या हातांनी करावे. जुनी ओ-रिंग टोकदार वस्तूने उचकटू नये, खाचेला ओरखडा पडतो. शक्यतो प्रत्येक वेळी त्याच मॉडेलची नवी ओ-रिंग बसवावी, आणि निर्मात्याने सांगितले असेल तरच तिला सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ हात द्यावा की ती फक्त चमकेल. जास्त ग्रीस लावल्याने पाणी अडत नाही, उलट धूळ चिकटते. सेल दोन्ही बाजूंनी एकदम धातूच्या चिमट्यात धरल्यास तो तेथेच शॉर्ट होतो. आत हिरवट डाग किंवा पांढरी पूड दिसल्यास पाणी आधीच शिरलेले आहे असे समजून उपकरणाचे झाकण बंद न करता, नवा सेल न घालता, ते तसेच आमच्याकडे आणावे.

सेल केव्हा बदलावा, हा प्रश्न आमच्या मते तो कसा बदलावा याहून महत्त्वाचा आहे. कॉम्प्युटर पाण्याखाली श्वासातून तुमच्या शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब सतत ठेवत असतो (हा वायू बाहेर पडण्याआधी भोवतालचा दाब झपाट्याने कमी झाला, तर शरीरात त्याचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते) आणि काही मॉडेलमध्ये सेल काढताच तो हिशेब पुसला जातो. मग शनिवारी दोन डाइव्ह केलेल्या माणसाला तो रविवारी कोरी पाटी समजून जास्त वेळ देतो. म्हणून सहलीच्या मधल्या दिवशी सेल बदलू नये. बदलावाच लागला, तर शेवटच्या डाइव्हनंतर २४ तास पाण्यात उतरू नये. परतीच्या प्रवासातही हीच काळजी घ्यावी. अनेक डाइव्हनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास थांबण्याची शिफारस केली जाते. घाटरस्ता विमानाइतका उंच नसला तरी आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि शेवटची डाइव्ह आटोपून तासाभरात घाट चढू लागणाऱ्यांनी कॉम्प्युटरवर नायट्रोजन बाहेर पडण्यास उरलेला वेळ पाहावा. तो वेळ संपेपर्यंत सेल काढू नये.

सेल बदलल्यानंतर तारीख, वेळ, सिलिंडरमधील ऑक्सिजनची टक्केवारी, उंचीची सेटिंग आणि पाणी गोडे की खारे हे सर्व पुन्हा तपासावे, कारण यांपैकी काही गोष्टी मूळ स्थितीत जातात. खाऱ्या पाण्यावर ठेवलेला कॉम्प्युटर नदीत किंवा धरणात सुमारे ३ टक्के कमी खोली दाखवतो. फरक लहान आहे, पण माहीत असावा.

ज्यांचा कॉम्प्युटर चार्जिंगचा आहे, त्यांच्या बाबतीत बिघाड सहसा बॅटरीत नसून चार्जरच्या पिनांत असतो. ओल्या पिनांना चार्जर लावला की विजेच्या प्रवाहाने धातू खाल्ला जातो आणि काही महिन्यांत पिनेचा सोनेरी मुलामा जाऊन काळा ठिपका उरतो. आधी गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे, मगच चार्ज करावे. पावसाळ्यात काही महिने ठेवून द्यायचा असल्यास निम्म्या चार्जवर ठेवावा, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो कधीही सोडू नये. सिलिंडरमधील हवेचा दाब कॉम्प्युटरला कळवणारा ट्रान्समीटर वापरत असल्यास त्यात वेगळी बॅटरी असते. डाइव्हनंतर रेग्युलेटरमधील (सिलिंडरमधून श्वासासाठी हवा देणाऱ्या यंत्रातील) हवा सोडली नाही, तर तो रात्रभर संदेश पाठवत राहतो.

पाण्याखालीच पडदा बंद झाल्यास डाइव्ह तेथेच संपवावी, मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेगाने वर येऊ नये, ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे आणि पुढील २४ तास पाण्यात उतरू नये. जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर उरलेला दिवस काढण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो ऐकू नये. दोघांची खोली आणि वेळ तंतोतंत सारखी नसते.

दुरुस्तीसाठी येताना कॉम्प्युटरबरोबर काढलेला जुना सेल, जुनी ओ-रिंग आणि शक्य असल्यास माहितीपुस्तिका आणावी. सेल बदलल्यावर आम्ही प्रत्येक उपकरण दाबाच्या भांड्यात तपासून देतो, त्यामुळे ते त्याच दिवशी मिळेलच असे नाही. जुने सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. गिळलेला बटण सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो, तेव्हा नुसती शंका आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. गोळा केलेले सेल आमच्या काउंटरवरील डब्यात टाकण्यास हरकत नाही.