प्लास्टर झालं, पण पडली कशामुळे?

आत्या पहाटे तीनला बाथरूमला जायला उठली आणि पॅसेजमध्येच पडली. मनगट मोडलं. कॅज्युअल्टीत एक्सरे, प्लास्टर, पेनकिलर, सहा आठवड्यांनी दाखवायला या, झालं. पडली कशी हे तिथे कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही, वय झालंय म्हणून सोडून दिलं. चार महिन्यांनी त्याच पॅसेजमध्ये परत, या वेळी खुबा.

हाच प्रश्न लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारला होता. पडून इमर्जन्सीत आलेले ६५ च्या पुढचे ३९७ जण त्यांनी घेतले. निम्म्यांना नेहमीचीच ट्रीटमेंट, बाकीच्यांची मात्र नजर, तोल, स्मरणशक्ती, उभं राहिल्यावरचं बीपी, चालू गोळ्या असं सगळं तपासलं, शिवाय ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं नीट जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) घरी जाऊन सैल गालिचे, अंधारे कोपरे वगैरे बघून आले. वर्षभरात नेहमीच्या गटात ५१० वेळा पडणं झालं आणि तपासलेल्या गटात १८३ वेळा!! हे १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, म्हणजे काही नवीन शोध नाहीये.

यातली बीपीची गोष्ट घरीही करता येते. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर उठल्या उठल्या मेंदूला रक्त कमी पडतंय. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं, तरुणपणी शिरा लगेच आवळतात आणि हृदय वेग वाढवतं, म्हातारपणी हे सगळं जरा सावकाश होतं, त्यात बीपीची, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी असली की संपलंच. (गोळ्या मनानेच बंद करू नका हां, डॉक्टरांना विचारून!)

आणि पडल्यावर आता हिंडू नकोस म्हणून बसवून ठेवतात ना, त्याने मांड्यांची ताकद जाते आणि मग पडणं अजून सोपं. कॅनडात व्हँकूव्हरला आधी पडलेल्या सत्तरीपुढच्या ३४४ जणांवर प्रयोग झाला, त्यात घरच्या घरी पायांचे आणि तोलाचे व्यायाम करणाऱ्यांचं पडणं ३६ टक्क्यांनी कमी झालं.

आत्याचं बीपी झोपून १४२, उभं राहून ११४. डॉक्टरांनी गोळी बदलली, आम्ही पॅसेजमध्ये दिवा लावला, ती झिजलेली रबरी स्लीपर मात्र अजून टाकू देत नाहीये.