छिन्नीच्या पाण्यापासून विडियाच्या बटनांपर्यंत

मराठवाड्यात खाण म्हटली की बहुधा दगडखाणच डोळ्यांसमोर येते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला काळा पाषाण मुरुमाखाली लागला, की हत्याराचा कस लागतो. त्या खडकाच्या पोकळ्यांत भरलेली गारगोटी तर पोलादाची धार पाहता पाहता घालवते.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच खडकात कोरले गेले. बोथट झालेली छिन्नी लोहार भट्टीत तापवून ठोकतो आणि तिला पाणी देतो, म्हणजे तापलेले टोक पाण्यात बुडवून कठीण करतो. हे पाणी जास्त झाले तर टोक काचेसारखे उडते, कमी पडले तर दुमडते. कठीणपणा आणि चिवटपणा एकाच धातूत कसे नांदवायचे, हा खाणीच्या अवजारांपुढचा प्रश्न तेव्हापासून तोच आहे.

1882 मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी सुमारे 12 टक्के मँगनीजचे पोलाद तयार केले. मार बसेल तसतसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो आणि गाभा चिवट राहतो, म्हणून खडी क्रशरच्या जबड्यांना ते आजही वापरतात. मात्र जोरदार मार न बसता नुसते घर्षणच झाले, तर हा गुण उपयोगी पडत नाही.

टंगस्टन कार्बाइड, म्हणजे टंगस्टन धातू आणि कार्बन यांचे संयुग, पोलादापेक्षा कितीतरी कठीण, पण एकटे असले तर ठिसूळ. विजेच्या दिव्याची तार ओढण्याच्या साच्यांसाठी महागड्या हिऱ्याला पर्याय शोधला जात असताना, बर्लिनमध्ये ऑसराम कंपनीच्या कार्ल श्र्योटर यांनी 1923 मध्ये या कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून, दाबून ती तापवली, तेव्हा वितळलेल्या कोबाल्टने कठीण कणांना एकत्र बांधून ठेवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची पायरी हीच. क्रुप कंपनीने 1926 च्या सुमारास हा माल ‘विडिया’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखे’, या नावाने बाजारात आणला आणि आपल्याकडचे लेथवरचे कामगार कोणत्याही कार्बाइडला विडियाच म्हणू लागले.

बोअर खोदणाऱ्या यंत्राच्या टोकाला खडक फोडणारे बिट असते; त्याचे अंग पोलादाचे असते आणि तोंडावर कार्बाइडची घुमटाकार बटने घट्ट बसवलेली असतात. कोबाल्ट वाढवले की बटन मार अधिक सोसते, पण लवकर झिजते. झिजून माथा सपाट झाला, की यंत्रातल्या हातोड्याचा मार एका बिंदूवर न पडता पसरतो, खोदाई मंदावते आणि बटनाला चिरा जातात. त्यामुळे त्याआधीच हिऱ्याच्या चाकावर घासून घुमट पुन्हा काढावा लागतो.