टेनिसची बॅट आणि लेदरची बॅट: पहिली बॅट घेण्याआधी

विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीनदा रणजी जिंकली, आणि आता खेड्यापाड्यातल्या पोट्ट्यांनाही लेदर बॉलची हौस लागली आहे. चांगलंच आहे. पण कापूस विकून पैसे हाती आले की बाप पोराला घेऊन तालुक्याच्या दुकानात उभा राहतो आणि विचारतो, "इंग्लिश विलो घेऊ का काश्मीर?" विलो म्हणजे बॅटचं लाकूड. हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे, भाऊ. आधी हे पाहा की दुकानदारानं हातात दिलेली क्रिकेटची बॅट टेनिस बॉलची आहे की लेदर बॉलची. "काश्मीर विलो" दोन्हींवर छापलेलं असतं, स्टिकर दोन्हींचं सारखंच चकचकीत असतं, आणि "दोन्हीले चालते" हे वाक्य दुकानात फुकट मिळतं. मला त्या वाक्याचा मनापासून राग आहे.

टेनिसच्या बॅटबद्दल फार सांगत नाही; वावरात पट्टा करून खेळलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. साधारण किलोभर वजन, कडा जाड, खाली भरीव आणि बऱ्याचदा मागून कोरलेली. टेनिस बॉलचं वजन 56 ते 59 ग्रॅम. तो बॅटवर आदळला की स्वतःच दबतो आणि उसळतो, म्हणून तिथं बॅट किती जोरात फिरते यालाच महत्त्व. हेवी टेनिसचा बॉल थोडा जड असतो, पण तोही दबतोच.

लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि तो फारसा दबत नाही; दबावं लागतं लाकडाला. इथंच सगळी मेख आहे. विलो मुळात मऊ लाकूड आहे. लेदरची बॅट बनवताना तिचं पातं रोलरखाली जोरानं दाबतात, त्यामुळे समोरच्या बाजूचे तंतू घट्ट बसतात. वर कडक थर, आत मऊ लाकूड, अशी रचना झाली की बॉल सुटतोही आणि पातं टिकतंही. दाब कमी पडला तर पातं चेपतं, जास्त झाला तर बॅट मेल्यासारखी वाजते. टेनिसच्या बॅटला इतका दाब देत नाहीत, कारण मऊ बॉलसाठी त्याची गरज नसते आणि पातं हलकं, फुगीर ठेवायचं असतं. बाहेरून हा फरक दिसत नाही. दिसतो तो नेट प्रॅक्टिसमध्ये: आधी पात्यावर बॉलच्या शिवणीचे खड्डे, मग कडेची ढलपी, मग खालच्या टोकाला चीर. मग घरी येऊन कंपनीला शिव्या. कंपनीनं टेनिसची बॅट टेनिससाठीच बनवली होती.

टेनिसवरून लेदरवर सहज जाता येतं, हे सांगायला काही जण उमेश यादवचं उदाहरण देतात. खापरखेड्याजवळच्या वलनीचा पोरगा, विशीपर्यंत टेनिस बॉलनंच खेळला आणि नंतर लेदर हाती घेऊन भारताकडून कसोटी खेळला. खरं आहे. पण तो बॉलर आहे, बाप्पा! बॉलरला बॉल बदलला की झालं.

उलटी चूक कमी महागात पडते. लेदरच्या बॅटनं टेनिस बॉल खेळला तर बॅट फुटत नाही. जड लागते, सिक्स कमी जातात, एवढंच.

मग दुकानात ओळखायची कशी? बॅट उलटी करा. मागून खोल कोरलेली असेल तर ठेवून द्या. कडा मोजा: क्रिकेटच्या नियमांत ऑक्टोबर 2017 पासून कड जास्तीत जास्त 40 मिलिमीटर आणि पात्याची जाडी 67 मिलिमीटर चालते. 45 मिलिमीटरच्या कडा म्हणून मिरवणारी बॅट टेनिसची समजा. मोठ्या मापाची लेदरची बॅट बहुधा 1150 ते 1250 ग्रॅम भरते. त्याच मापाची हजाराच्या आत आली तर शंका घ्या. आणि दुकानदाराला थेट विचारा, "लेदर बॉलनं फुटली तर बदलून देता का?" "दोन्हीले चालते" म्हणणारा इथं गप्प होतो.

कॉर्कच्या बॉलनं नवीन बॅट खेळू नका. कुठलीच नाही.

आता तो लाडका प्रश्न. इंग्लिश विलो हलकं, पांढरट, बॉल चांगला सुटतो आणि महाग. काश्मीर विलो थोडं जड, तांबूस आणि स्वस्त. काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यात संगम-हलमुल्लाच्या रस्त्याला त्याचे कारखानेच कारखाने आहेत. पहिल्या बॅटसाठी माझं मत ठाम आहे: काश्मीर विलो, लेदरची, दीड ते अडीच हजारांची. दोन-तीन हजारांत "इंग्लिश विलो" मिळत असेल तर तिच्याकडे पाहूही नका. पात्यावरच्या रेघा मोजत बसू नका, शिकणाऱ्याला त्यानं काडीचा फरक पडत नाही. "पॉप्युलर विलो" म्हणून विकतात ते पॉपलरचं लाकूड असतं, ते लेदरसाठी घेऊ नका.

माप मात्र पोराच्या उंचीचं घ्या. पाच फुटांच्या पोराला सहा नंबर पुरतो. फुल साइज साधारण साडेपाच फुटांच्या पुढे. "पुढं वाढेल" म्हणून घेतलेली मोठी बॅट उचलता उचलता पोरगं चुकीची सवय लावून घेतं.

लेदरच्या बॅटला आणल्या आणल्या खेळवायचं नसतं, हे टेनिसवाल्यांना माहीतच नसतं. पात्याला आधी जवसाचं तेल. पेंटच्या दुकानातलं उकळलेलं नको. तेलाच्या घाण्यावरचं कच्चं चालतं, आणि ते आपल्याकडे मिळतं. हातानं पातळ थर लावून बॅट रात्रभर आडवी ठेवा. दांडा बसवलेल्या जोडाला आणि स्टिकरला तेल लावू नका. मग लाकडी हातोडीनं, नाहीतर मोज्यात घातलेल्या जुन्या लेदर बॉलनं रोज थोडं थोडं ठोका. आधी हळू, मग जोर वाढवत. कडांवर तिरका मार द्या, सरळ नको. काश्मीर विलोला आठवडाभर असं केलं की जुन्या बॉलवर हलके फटके मारून पाहा. "नॉकिंग केलेली", म्हणजे आधीच ठोकून तयार केलेली, असं लिहिलं असलं तरी थोडं ठोकाच.

एप्रिल-मे महिन्यात बॅट टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. आपल्या उन्हात लाकूड कोरडं पडून तडकतं. पावसाळ्यात ओल्या पट्ट्यावर बॅट टेकवून उभं राहू नका, खालचं टोक पाणी ओढतं आणि फुगतं.